निळ्या रंगाचा पत्ता

कसबा पेठेत रंगांना पत्ता असतो. तांबट आळीत ठोकून उजळलेल्या तांब्याचा लालसर रंग, कुंभारवाड्यात ओल्या मातीचा, कसबा गणपतीच्या मूर्तीवर शेंदराचा. शेजारच्या बुधवार पेठेतल्या भाऊसाहेब जावळे यांच्या घराण्याचा शालू रंगवण्याचा व्यवसाय होता, म्हणून ते ‘रंगारी’ झाले. स्वतः भाऊसाहेब वैद्य होते. रंग आणि औषध एकाच छपराखाली नांदत होते. याच पेठेतल्या बेकरीत, गोळ्या-चॉकलेटांच्या दुकानात आणि सरबताच्या गाडीवर आज एक रंग असा मिळतो, की ज्याचा पत्ता विचारावा असे कोणाच्या मनातही येत नाही. केकवरच्या मलईचा, साखरेच्या गोळीचा, बाटलीतल्या सरबताचा तो गडद निळा. लहान मुलांचे बोट आधी त्याच्याकडे वळते आणि तो जिभेवर तासभर टिकतो.

हा निळा खनिज तेलापासून निघणाऱ्या रसायनांतून कारखान्यात तयार होतो. त्याला नैसर्गिक पर्याय शोधण्याची धडपड जगभर सुरू आहे आणि तिची दिशा सूक्ष्मशैवालांकडे, म्हणजे पाण्यात वाढणाऱ्या, एकेकट्या डोळ्यांना न दिसणाऱ्या हिरव्या-निळ्या जीवांकडे आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१३ मध्ये स्पिरुलिनाच्या अर्काला गोळ्या आणि च्युइंगगममध्ये वापरण्याची परवानगी दिली. अर्ज ‘मार्स’ या चॉकलेट कंपनीचा होता. एप्रिल २०२५ मध्ये त्या देशाने खनिज तेलापासून बनणारे खाद्यरंग टप्प्याटप्प्याने हद्दपार करण्याचा मनोदय जाहीर केला आणि पुढच्याच महिन्यात गॅल्डिएरिया नावाच्या आणखी एका सूक्ष्मशैवालाच्या निळ्या अर्काला मान्यता दिली. ही घडामोड स्वागतार्ह आहे. मात्र ‘नैसर्गिक ते सारे निर्धोक आणि कृत्रिम ते सारे विष’ अशी सोपी वाटणी करून तिच्याकडे पाहिले, तर मुलांच्या ताटातला खरा धोका नजरेआडच राहील.

मुळात खाण्याजोगा निळा रंग निसर्गात दुर्मीळ आहे. हळद पिवळी, पालक हिरवा, बीट लाल, केशर केशरी. निळ्याच्या रकान्यात गोकर्णाच्या फुलासारखी मोजकी नावे. मोराच्या पिसातला निळा हे रंगद्रव्यच नव्हे. पिसाच्या अतिसूक्ष्म रचनेमुळे प्रकाश तसा परावर्तित होतो. पीस कुटले, तर हाती निळी पूड लागत नाही. जांभळाचा आणि लाल कोबीचा रंग आंबट-खाऱ्याप्रमाणे बदलतो. भारताच्या २०११च्या खाद्य-नियमावलीत नैसर्गिक रंगांची जी यादी होती, तिच्यात कॅरोटीन, हरितद्रव्य, रायबोफ्लेविन, कॅरमेल, शेंदरीच्या बियांचा अ‍ॅनाटो, केशर आणि हळद होती. निळा नव्हताच. कृत्रिम रंगांच्या आठ जणांच्या यादीत मात्र तो दोनदा होता : ब्रिलियंट ब्लू आणि इंडिगो कार्माइन.

सूक्ष्मशैवालांतल्या निळ्या द्रव्याचे नाव फायकोसायनिन. स्पिरुलिना हे नाव आता औषधाच्या दुकानातल्या हिरव्या गोळ्यांमुळे बहुतेकांना माहीत आहे. शास्त्रज्ञ तिला अर्थ्रोस्पायरा म्हणतात आणि काटेकोर बोलायचे, तर ती शैवाल नसून प्रकाशसंश्लेषण करणारा जिवाणू आहे. नील-हरित शैवाल हे तिचे जुने आणि रुळलेले नाव. हरितद्रव्याला सूर्यप्रकाशातला नारिंगी पट्टा नीट टिपता येत नाही. तो फायकोसायनिन टिपते आणि ती ऊर्जा हरितद्रव्याकडे सोपवते. नारिंगी शोषला गेल्यामुळे उरलेला प्रकाश डोळ्यांना निळा दिसतो. या प्रथिनाला चिकटलेला जो रंगकण आहे, तो काविळीत त्वचा पिवळी करणाऱ्या बिलिरुबिनचा जवळचा नातलग आहे.

या रंगाचे गुण-दोष घरच्या ओट्यावरही पाहता येतात. स्पिरुलिनाची चमचाभर भुकटी थंड पाण्यात रात्रभर भिजवून फडक्यातून गाळली, की हिरवा गाळ वर राहतो आणि खाली निळे पाणी उतरते. हरितद्रव्य पाण्यात विरघळत नाही, फायकोसायनिन विरघळते, एवढेच त्यामागचे गमक. हेच पाणी तापवले, की साधारण ५० अंशांच्या पुढे निळाई फिकी पडू लागते. लिंबू पिळले, तरी रंग विटतो आणि साका धरतो. लिंबाने दूध फाटते तसेच हे : दोन्हीकडे बिघडते ते प्रथिनच. उन्हात ठेवलेली बाटलीही हळूहळू रंग सोडते. म्हणजे आइस्क्रीम, गोळी, थंड मलई यांना हा रंग शोभतो. उकळत्या पाकाला, आंबट सरबताला, भट्टीतल्या बिस्किटाला तो पुरत नाही. गॅल्डिएरियाकडे उद्योगांचे लक्ष गेले, ते याच कारणाने. हे शैवाल आम्लयुक्त गरम झऱ्यांत वाढते आणि त्याचे निळे द्रव्य आंबटपणा अधिक सोसते.

खुद्द समुद्रातला निळा याहून वेगळा आहे. फ्रान्सच्या अटलांटिक किनाऱ्यावर मारेन-ओलेराँ भागात कालवे उथळ, चिखलमातीच्या तळ्यांत ठेवली जातात. काही काळाने त्यांचे कल्ले हिरवे होतात आणि अशा कालवांना जास्त दाम मिळतो. हा रंग येतो हास्लेया ऑस्ट्रिएरिया या डायाटमकडून, मराठी विश्वकोशाच्या भाषेत करंडक वनस्पतीकडून. काचेच्या करंड्यासारखे कवच असलेल्या या एकपेशीय जिवाची दोन्ही टोके निळी असतात. तो निळा पाण्यात पाझरतो आणि कालवाच्या पिवळसर कल्ल्यांवर बसून हिरवा दिसतो. ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ रे लँकेस्टर यांनी १८८६ मध्ये या द्रव्याला गावावरून मारेनिन हे नाव दिले. प्रयोगशाळेत मारेनिन व्हिब्रिओ गटातल्या काही जिवाणूंना रोखते, असे दिसले आहे. हेच जिवाणू कालवांची आणि कोळंबीची पिल्ले मारतात. प्रतिजैविकांवर मदार ठेवणाऱ्या मत्स्यशेतीला यातून दुसरी वाट मिळू शकेल, म्हणून संशोधक त्याच्या मागे आहेत.

ही गोष्ट फ्रान्सपुरती नाही. हास्लेया या प्रजातीला ते नाव मिळाले, ते जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ राइमर सिमोन्सेन यांच्या १९७४च्या ग्रंथात; आणि तो ग्रंथ ‘मेटिओर’ या जहाजाने १९६४-६५ मध्ये हिंदी महासागरातून गोळा केलेल्या डायाटमांवरचा होता. बराच काळ निळी हास्लेया एकच आहे, असे समजले जाई. मग काळ्या समुद्रात दुसरी सापडली, भूमध्य समुद्रात तिसरी, आणि २०१९ मध्ये इंडोनेशियाच्या जावा समुद्रातून हास्लेया नुसांतारा हिची नोंद झाली. उष्ण कटिबंधातल्या पाण्यातही हा निळा आहे, हे त्यातून पुढे आले. रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या खाड्यांत कालवे आहेत, चिखल आहे, डायाटम आहेत. तिथे कसून शोध घेतला जावा, यासाठी एवढे निमित्त पुरेसे आहे. कोकणच्या किनाऱ्यावर रात्री लाटा निळ्या चमकतात, त्या छायाचित्रांचा मात्र याच्याशी संबंध नाही. तो नॉक्टिल्युकासारख्या जिवांचा प्रकाश असतो, रंगद्रव्य नव्हे.

महाराष्ट्राचा स्वतःचा निळा समुद्रापासून दूर, बुलढाणा जिल्ह्यात आहे. लोणारच्या विवरातले पाणी खारे आणि तीव्र अल्कधर्मी आहे. स्पिरुलिनाला नेमके तेच मानवते, आणि सरोवराच्या हिरव्या रंगात तिचा मोठा वाटा असतो. जून २०२० मध्ये हेच पाणी गुलाबी झाले, तेव्हा नमुने तपासून त्यामागे मिठात वाढणारे हॅलोआर्किया हे सूक्ष्मजीव असल्याचे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने सांगितले. १९४६ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेत डायाटमांवर काम चालते. कोल्हापूर, पन्हाळा परिसरातल्या डायाटमांच्या नोंदी हेमेंद्रकुमार गांधी यांनी १९५०च्या दशकात करून ठेवल्या. गोव्यात दोना पावला येथे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, रत्नागिरीत मत्स्य महाविद्यालय आहे. माणसे आहेत, सूक्ष्मदर्शक आहेत, परंपरा आहे. एका रंगामागे सातत्याने जाण्याचा कार्यक्रम मात्र हवा.

आता प्रश्न आरोग्याचा. दुकानातला तो कृत्रिम निळा विषारी आहे का? ब्रिलियंट ब्लूचा बहुतेक भाग आतड्यातून रक्तात शिरतच नाही, तसाच बाहेर पडतो. अन्नातल्या मिश्रणांचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीने त्याची रोजची सुरक्षित मर्यादा शरीराच्या दर किलो वजनामागे ६ मिलिग्रॅम ठरवली आहे. १५ किलो वजनाच्या मुलासाठी ती ९० मिलिग्रॅम होते. भारतीय नियमानुसार ज्या पदार्थांत कृत्रिम रंग चालतो, त्यांतल्या बहुतेकांत तो किलोमागे १०० मिलिग्रॅमच्या वर असता कामा नये. म्हणजे नियम पाळून रंगवलेला पदार्थ त्या मुलाने दिवसात ९०० ग्रॅम खाल्ला, तर ती मर्यादा गाठली जाईल. तेवढी मिठाई पोटात गेली, तर रंगाआधी साखरेची काळजी करावी लागेल. मुलांच्या चंचलपणाशी रंगांचा संबंध तपासणारा साउदम्प्टन विद्यापीठाचा २००७चा गाजलेला अभ्यास आणि त्यानंतर २०१० पासून युरोपात वेष्टनावर आलेली सूचना, ही सहा पिवळ्या-लाल रंगांबाबत आहे. निळा त्यांत नाही.

हा हिशेब दिलासा देणारा आहे, पण एका अटीवर : रंग मंजूर यादीतला हवा आणि मोजून घातलेला हवा. पेठेतल्या, गावातल्या, जत्रेतल्या सुट्या पदार्थांबाबत घोडे नेमके इथेच पेंड खाते. तिथे वेष्टन नाही, त्यामुळे नाव नाही. वजनकाटा नाही, म्हणून चिमूट हेच माप. आणि खाद्यरंगाच्या पुडीपेक्षा कापडाचा रंग स्वस्त असला, की मोह होतो. तमिळनाडूने फेब्रुवारी २०२४ मध्ये साखरेच्या गुलाबी कापसावर बंदी घातली, कारण त्यात कापडासाठी वापरला जाणारा ऱ्होडामाइन-बी हा रंग सापडला होता. पाठोपाठ मार्चमध्ये कर्नाटकाने हा कापूस आणि गोबी मंचुरियन यांतल्या कृत्रिम रंगांवर कारवाई केली. गोव्यात म्हापसा नगरपालिकेने गोबी मंचुरियनच्या गाड्यांना मनाई केली, तीही रंग आणि अस्वच्छता याच कारणांनी. मटार, मिरची, भेंडी हिरवीगार दिसावी म्हणून लावले जाणारे मॅलाकाइट ग्रीनही याच जातकुळीतले. त्याला अन्नात कुठेही परवानगी नाही. भाजीवर द्रव पॅराफिनमध्ये बुडवलेला कापूस घासून पाहावा, कापूस हिरवा झाला, तर भाजी रंगवलेली आहे, ही चाचणी अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणानेच सुचवलेली आहे.

तेव्हा खरी रेघ कृत्रिम आणि नैसर्गिक यांच्यामधली नाही. ती तपासलेले आणि न तपासलेले यांच्यामधली आहे. शैवालांनाही हीच फूटपट्टी लावायला हवी. स्पिरुलिना खाण्याचा इतिहास जुना आहे : मेक्सिकोत अ‍ॅझ्टेक लोक ती तळ्यातून काढून वड्या करीत, आफ्रिकेत चाड सरोवराकाठी आजही वाळवून खातात. अन्न-मिश्रणांच्या त्याच आंतरराष्ट्रीय समितीने २०१८ मध्ये स्पिरुलिनाचा अर्क तपासला आणि रंग म्हणून लागणाऱ्या प्रमाणात त्यावर आकड्याची मर्यादा घालण्याची गरज नसल्याचे ठरवले. मात्र उघड्या तळ्यात किंवा हौदात स्पिरुलिनाबरोबर दुसरी नील-हरित शैवालेही वाढू शकतात. त्यांतली काही यकृताला घातक असे मायक्रोसिस्टिन बनवतात. अमेरिकेतल्या ऑरेगन राज्याने तिथल्या सरोवरातून काढलेल्या शैवालाच्या गोळ्यांसाठी १९९७ मध्येच ग्रॅममागे १ मायक्रोग्रॅमची मर्यादा घातली, ती या भीतीपोटी. पाण्यातले जड धातूही ही शैवाले शोषून घेतात. फिनाइलकीटोन्युरिया हा जन्मजात विकार असलेल्यांनी प्रथिनयुक्त स्पिरुलिना टाळावी लागते. क्वचित कोणाला तिची अ‍ॅलर्जीही होते. रंगापुरता वापर आणि रोज चमचाभर पूरक आहार, यांतले अंतर ग्राहकाने लक्षात ठेवलेले बरे.

कर्करोगापासून मधुमेहापर्यंत सर्व दुखण्यांवर ‘निळे अमृत’ म्हणून जे विकले जाते, त्याबाबत तर हात आखडताच असावा. फायकोसायनिनचे दाहशामक आणि पेशीरक्षक गुण प्रामुख्याने परीक्षानळीत आणि उंदरांत दिसले आहेत. त्यावरून कोणाचे औषध बंद करण्याइतका पुरावा उभा राहत नाही. वैद्यकात या कुटुंबाने आपली उपयुक्तता सिद्ध केली आहे, ती निराळ्याच कामात. फायकोसायनिनचे भावंड असलेले अ‍ॅलोफायकोसायनिन लाल प्रकाश पडताच चमकते. ही चमक प्रतिपिंडाला जोडून रक्तातल्या विशिष्ट पेशी मोजता येतात, हे १९८२ मध्ये दाखवले गेले. एचआयव्हीबाधितांच्या सीडी४ पेशींची मोजणी, रक्ताच्या कर्करोगाचे निदान अशा तपासण्यांत शैवालांपासून मिळणारी अशी चमकणारी प्रथिने वर्षानुवर्षे वापरात आहेत. गाजावाजा औषधाचा झाला, उपयोग मात्र निदानाला झाला.

दुसरा मोह गणेशमूर्तींचा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२०च्या मार्गदर्शक सूचना मूर्तींसाठी विषारी रासायनिक रंग नकोत, असे सांगतात. मग कुंभारवाड्यातल्या मूर्तिकाराने मोर आणि शेला शैवालाच्या निळ्याने रंगवावेत, ही कल्पना कानाला गोड लागते. पण मांडवातल्या झगमगाटात हे प्रथिन दहा दिवस टवटवीत राहणे कठीण आणि किंमत कारागिराच्या आवाक्याबाहेरची. त्या कामाला वनस्पतिजन्य नीळ बरी. प्रत्येक गरजेला एकच चमत्कारी उत्तर शोधण्यापेक्षा ज्या जागी जो रंग टिकतो, तो तिथे वापरणे शहाणपणाचे.

निळीचे नाव निघाले, की इतिहासही आठवायला हवा. निळीच्या सक्तीच्या लागवडीने बंगालच्या शेतकऱ्याला १८५९ मध्ये उठाव करायला लावले, चंपारणच्या शेतकऱ्याने १९१७ मध्ये गांधीजींना बोलावून घेतले. या दोन घटनांच्या मध्ये, १८९७ मध्ये, जर्मनीच्या बीएएसएफ कंपनीने कारखान्यातली नीळ बाजारात आणली आणि भारतीय निळीचा व्यापार पाहता पाहता कोसळला. एका रंगाची मालकी प्रयोगशाळेकडे गेली, की शेतात काय होते, ते या देशाने भोगले आहे. आज चाक उलट फिरते आहे. जग पुन्हा सजीवांकडून रंग मागते आहे. पण बाजी मारणार तो, ज्याच्याकडे शैवालाचा उत्तम वाण असेल आणि तो रंग उष्णतेत, आंबटात टिकवण्याची युक्ती असेल. केवळ हौद बांधून सुकवलेली हिरवी भुकटी परदेशी धाडली, तर नफा तिकडे आणि पाण्याचा खर्च इकडे, एवढाच व्यवहार उरेल.

म्हणून करण्यासारखी कामे दोन पातळ्यांवर आहेत. लांब पल्ल्याचे काम संशोधनाचे. लोणारचे आणि कोकणच्या खाड्यांतले वाण गोळा करून जतन करावेत, त्यांची विषद्रव्यांसाठी तपासणी व्हावी, आणि पुण्या-गोव्यातल्या संस्थांना एका सामायिक कार्यक्रमाखाली काही वर्षांचा खात्रीचा निधी मिळावा. २००२च्या जैवविविधता कायद्याचा आधार घेऊन लोणारच्या वाणांतून उद्या काही कमाई झालीच, तर तिचा वाटा लोणारला मिळेल, हेही आधीच लिहून घ्यावे. लोणार हे रामसर यादीतले स्थळ आहे. तिथून नमुना न्यावा, सरोवर उपसू नये.

जवळ पल्ल्याचे काम अन्न व औषध प्रशासनाचे, आणि ते संशोधनाची वाट पाहत थांबता कामा नये. सणांच्या तोंडावर खवा, तेल, तूप यांच्या तपासणीच्या मोहिमा निघतात. त्यांत सुट्या मिठाया, साखरेच्या गाठी, बर्फाचे गोळे आणि केक यांतल्या रंगांची तपासणी नियमाने आली पाहिजे आणि तिचे निकाल पेठनिहाय जाहीर झाले पाहिजेत. छोट्या हलवायाला किंवा गोळेवाल्याला दंड ठोठावण्याआधी मंजूर रंगाची मोजून भरलेली पुडी आणि तिचे माप समजावून देणे स्वस्त पडते आणि जास्त उपयोगी ठरते. ग्राहकानेही वेष्टन उलटून पाहण्याची सवय लावावी : आयएनएस १३३ म्हणजे ब्रिलियंट ब्लू, १३२ म्हणजे इंडिगो कार्माइन, १३४ म्हणजे स्पिरुलिनाचा अर्क. सुट्या पदार्थाचा रंग डोळ्यांत भरण्याइतका भडक असेल, तर ‘यात कोणता रंग घातलाय?’ एवढा एक प्रश्न काउंटरवर विचारावा.

शैवालाचा निळा येईल, स्वस्त होईल, टिकाऊही होईल. दिशा तशी दिसते आहे. पण तो आला, तरी सुट्या गोळीत घातला कोणता आणि किती, हे सांगणारे कोणी नसेल, तर मुलाच्या जिभेवरचा निळा आजच्याइतकाच बेपत्ता राहील. रंग कुठून आला, हे सांगता येण्याची शिस्त कसब्यातल्या तांबटाकडे आणि कुंभाराकडे पिढ्यान्‌पिढ्या होती. खाण्याच्या रंगाबाबत तेवढीच मागणी करणे अवाजवी नाही.